शेपूट दिसल्याशिवाय

कोणी काहीही ठामपणे सांगितलं, की आमचे एक शेजारी उजव्या हाताचं पहिलं बोट उचलायचे, त्याचा आकडा करायचे आणि म्हणायचे, "शेपूट दाखवा." विषय कुठलाही चालायचा. उद्या पाऊस नक्की, अमक्यांची मुलगी सिडनीला निघाली, भारतीय दुकानात आलेले आंबे हापूसच आहेत. "असतील हो वहिनी. पण शेपूट दाखवा."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. चारचौघांत येऊन बसली की गप्पांचा वेग निम्म्यावर आणतात. आमच्या या शेजाऱ्यांची गंमत अशी, की ज्या वाक्यामुळे सगळे त्यांना हसायचे, ते त्यांनी बंदूक चालवायला शिकताना उचललं होतं. त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर ते विचारतील, हा मीच कशावरून?

मूळचे इचलकरंजीचे. शिकायला म्हणून न्यूझीलंडला आले आणि राहिले. 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध कारखान्यात ते देखभालीच्या खात्यात इंजिनियर होते. उष्णता दाखवणारा कॅमेरा हातात घेऊन यंत्रांमधून हिंडायचं आणि कुठलं बेअरिंग नको तेवढं तापलंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. मी तिथून जवळच एका फार्मसीत होते. एकदा तव्यावर भाजलेला अंगठा घेऊन ते मलम मागायला आले. मी इंग्रजीत विचारलं, की इतके दिवस अंगावर का काढलंत. त्यांनी माझ्या नावाचा बिल्ला वाचला आणि म्हणाले, "सांगलीकडच्या का? इंग्रजीतसुद्धा तिकडच्यासारखंच रागावलात." बोलता बोलता कळलं, की गावाबाहेर आमचं घर ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्यावर त्यांनीही नुकतंच घर घेतलंय.

आमच्या घराला थोडी जमीन आहे. श्रीधरनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, तिथे संत्री, लिंबं आणि फिजोआ लावले होते. फिजोआ हे इकडचं लाडकं फळ, आपल्या पेरूच्या जातकुळीतलं. एप्रिलमध्ये माझे सासरे पहिल्यांदाच आमच्याकडे यायचे होते. बाबा तासगावचे निवृत्त शिक्षक, परसातली झाडं पोरांसारखी वाढवणारे. लहानपणी श्रीधरनं पाणी न घालता त्यांचं एक कलम वाळवलं होतं आणि ते बाबा अजून येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवतात. तेव्हा ही बाग म्हणजे श्रीधरचं बाबांना द्यायचं उत्तर होतं. आणि त्या उत्तराची कोवळी पानं रोज रात्री एक पॉसम खाऊन जात होता.

पॉसम म्हणजे मांजराएवढा, झुबकेदार शेपटीचा प्राणी. बाहेरून इथे आणला गेला आणि इथल्या झाडांच्या, पक्ष्यांच्या मुळावर उठला. तो मारावा हे इथे शाळेतल्या मुलांनाही शिकवतात. श्रीधरनं जाळ्या लावल्या, पिंजरा लावला. पिंजऱ्यात शेजारचं मांजर सापडलं.

आमच्या रस्त्याच्या टोकाला एक म्हातारे मेंढीवाले शेतकरी राहायचे. त्यांनी एका संध्याकाळी आमच्या या शेजाऱ्यांना आपल्या रायफलीवरच्या थर्मल दुर्बिणीतून पाहायला दिलं. अंधारात ऊन अंग असलेलं जे जे असेल, ते त्या दुर्बिणीत पांढरं दिसतं. जन्मभर गरम बेअरिंगं बघितलेल्या माणसाला एकदम मेंढ्या दिसल्या, ससे दिसले, झाडावर झोपलेली पाखरं दिसली. दुसऱ्या दिवशी ते फार्मसीत येऊन उभे राहिले. "वहिनी, अख्खं कुरण दिवाळीसारखं दिसतं हो." मी तेव्हाच ओळखलं, की आता हा गृहस्थ घरी बसत नाही.

पण बंदुकीला परवाना लागतो आणि परवान्यासाठी बायकोची मुलाखत घेतात. त्यांची बायको माळकरी घरातली, अंड्यालासुद्धा हात न लावणारी. अधिकारी घरी आला. नवरा रागीट आहे का, असं त्यानं विचारलं. तिनं टूथपेस्टच्या उघड्या झाकणापासून सुरुवात केली. शेवटी त्यानं विचारलं, की त्यांच्याकडे बंदूक असली तर तुम्हाला भीती वाटेल का? ती म्हणाली, "यांना एक टोमॅटो निवडायला अर्धा तास लागतो. गोळी मारेपर्यंत ससा म्हातारा होऊन मरेल." अधिकाऱ्यानं ते गंभीरपणे लिहून घेतलं.

घराबाहेरच्याही एका माणसाची साक्ष लागते. ती मी दिली. "हा माणूस विश्वासाचा आहे असं तुम्हाला वाटतं का?" या प्रश्नाला मी विचार न करता हो म्हटलं. मग रात्री बराच वेळ विचार करत बसले, कारण शब्द देऊन झाला होता.

परवाना आला, बावीस बोअरची रायफल आली, दुर्बीण आली. आता नेम जुळवायचा होता. थर्मल दुर्बिणीला कागदावरचा काळा ठिपका दिसत नाही, निशाण गरम लागतं. त्यांनी काय करावं? मेंढीवाल्यांच्या टेकडीच्या पायथ्याशी, तारेच्या कुंपणाला एक गरमागरम ज्वारीची भाकरी टांगली. दुर्बिणीत ती पौर्णिमेच्या चंद्रासारखी दिसली म्हणे. पहिली गोळी भाकरीच्या कडेला लागली, दुसरी मधोमध. आनंदानं ती भोकाची भाकरी ते घरी दाखवायला घेऊन गेले आणि तिथे खरा बार उडाला.

"अन्नाला गोळी घातलीत?" एवढंच बायको म्हणाली आणि दोन दिवस काही बोलली नाही. त्यांची मुलगी इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीत. तिनं मध्यस्थी केली. "आई, चिल. पॉसमला शूट केलं तर ही इज सेव्हिंग द बर्ड्स." "पॉसमला कर म्हणावं. भाकरीनं काय घोडं मारलंय?" शेवटी हात शेकायच्या गरम पुड्या मिळतात, त्या टांगायच्या असं ठरलं आणि घरात शांतता आली.

सुरुवातीच्या त्या दिवसांबद्दल ते स्वतःच सांगायचे. दिवसभर उन्हात तापलेला दगड त्यांना ससा वाटला होता. एकदा तर ते दबा धरून, श्वास रोखून बराच वेळ पडून राहिले. पुढचा पांढरा ठिपका काही केल्या हलेना. मेंढीवाले मागून शांतपणे म्हणाले, की तो गाईचा आहे. शेणाचा ताजा पो होता तो. त्या दिवशी त्यांनी नियम केला, की गरम दिसतंय एवढ्यावर जायचं नाही. पॉसम असेल तर झुबकेदार शेपूट दिसलंच पाहिजे, आणि ते दिसेपर्यंत गोळी नळीत चढवायची नाही. मग हा नियम बंदुकीतून निघून गप्पांमध्ये शिरला आणि आम्हा सगळ्यांच्या मानगुटीवर बसला.

बाबा आले. आल्या आल्या बागेत गेले, कुरतडलेले शेंडे बोटांनी चाचपले आणि म्हणाले, "पाणी घालतोस ना?" श्रीधरनं त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांना फोन केला, की आता लवकर या.

ते आठवड्याभरानं आले. सात वाजायचे होते, पण अंधार पुरता पडला होता. आम्ही तिघं मागच्या लाकडी ओट्यावर उभे राहिलो. "घरातले सगळे घरात ना?" त्यांनी विचारलं. श्रीधर म्हणाला, "हो. आम्ही दोघं इथे, बाबा आत सिरियल बघतायत." दुर्बिणीतलं चित्र फोनवर दिसायची सोय होती. तो फोन त्यांनी माझ्या हातात दिला आणि रायफल ओट्याच्या कठड्यावर टेकवून ते बागेचा एकेक कोपरा पाहू लागले.

फिजोआच्या रांगेच्या टोकाशी, जमिनीपासून थोडा वर, एक पांढरा गोळा दिसला. मांजराच्या डोक्याएवढा असेल. जरा हलला, थांबला, पुन्हा हलला.

"हाच तो," श्रीधर कुजबुजला. "मारा."

"शेपूट दिसत नाही."

"झाडाआड असेल शेपूट. अहो, पळेल तो."

"पळू दे."

"माझी सगळी झाडं खाल्लीत त्यानं. बाबांसमोर मान खाली घालायला लावली. तुम्ही मारा."

"श्रीधरराव, मला शेपूट दिसत नाही." त्यांचा आवाज चढला नव्हता. गोळी नळीत नव्हती आणि ती चढवायला त्यांचा हात जागचा हललासुद्धा नाही.

तेवढ्यात तो गोळा खोकला. आता पॉसमही खाकरल्यासारखा आवाज काढतो. पण खाकरून झाल्यावर तो "रामा रामा" म्हणत नाही.

झालं होतं एवढंच, की आत इंटरनेट बंद पडलं आणि सिरियल थांबली. बाबांचं जेवण सहालाच व्हायचं. जेवणानंतर शतपावली घातल्याशिवाय त्यांना झोप येत नसे, आणि थंडीमुळे ते आठवडाभर दिवाणखान्यातच फेऱ्या मारत होते. त्या दिवशी कंटाळून पुढच्या दारानं बाहेर पडले, वळसा घालून बागेत आले आणि दमले म्हणून एका ओंडक्यावर टेकले. अंगावर जाड लोकरी शाल, डोक्यावर गळ्यापर्यंत ओढलेली कानटोपी. सगळी ऊब आत कोंडलेली. दुर्बिणीला दिसला तो फक्त त्यांचा चेहरा.

शेजाऱ्यांनी रायफल कठड्यावरून उचलली, गोळ्यांचं मॅगझिन काढून खिशात घातलं, बंदूक पिशवीत ठेवली. पिशवीची चेन लावायला ते विसरले. ती मी लावली. मग ते बॅटरी घेऊन खाली उतरले आणि मोठ्यानं म्हणाले, "काय बाबा, कुठवर आली शतपावली?" बाबांचा दंड धरून ते त्यांना हळूहळू घेऊन आले. झाडाला आळं कसं करावं, हे बाबा त्यांना वाटभर समजावत होते. श्रीधर पायरीवर बसला होता, तो उठलाच नाही. मी चहा टाकला, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना.

मी त्या माणसासाठी शब्द दिला होता, याचं मला त्या रात्री फार बरं वाटलं. त्यांना मात्र बरं वाटत नव्हतं. दोन दिवसांनी फार्मसीत आले आणि काउंटरशी उभं राहून म्हणाले, "गोळी नव्हती घातली, हे खरं. पण वहिनी, बघायला म्हणून का होईना, मी बंदूकच धरली होती ना त्यांच्यावर." मी म्हटलं, तुमच्यामुळेच बाबा वाचले. त्यांनी मान हलवली. "बघायचं साधन वेगळं पाहिजे आणि मारायचं वेगळं. हे मला आधी कळायला पाहिजे होतं."

त्यानंतर त्यांनी हातात धरून पाहायची वेगळी दुर्बीण घेतली. शेपूट दिसेपर्यंत बंदूक पिशवीतच राहायची. शिवाय, सगळे घरात आहेत असं कोणी सांगितलेलं त्यांना चालेनासं झालं. आमच्याकडे आले की आधी बाबांपाशी बसायचे, चहा प्यायचे, तासगावच्या द्राक्षांपासून इचलकरंजीच्या मागांपर्यंत गप्पा मारायचे. घरातलं प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहून मगच बाहेर पडायचे. बाबांना वाटायचं, हा आपल्याशी गप्पा मारायलाच येतो. महिन्याभरात पॉसमही मिळाला, शेपटीसकट. झाडांना नवी पालवी फुटली. बाबा जायच्या आदल्या दिवशी बागेत उभे राहून "बरी आलीत" म्हणाले, आणि श्रीधरनं ते वाक्य मला तीनदा सांगितलं.

बाबांशी त्या संध्याकाळबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

पुढे शेजाऱ्यांना दक्षिण बेटावरच्या एका कारखान्यात वरची जागा मिळाली आणि ते कुटुंब तिकडे गेलं. त्यांच्या घरात आता दुसरे लोक आहेत, चांगले आहेत, काहीही सांगितलं की लगेच "स्वीट ॲज", म्हणजे 'एकदम झकास', म्हणतात. गप्पा कशा भराभर पुढे जातात. मला करमत नाही.

परवा बाबांचा व्हिडिओ कॉल आला होता. झाडांची चौकशी झाली, गुडघ्याची झाली. मग ते म्हणाले, "आणि तो तुमचा शिकारी कसा आहे रे? माणूस भला, पण शिकाऱ्याचं काम नव्हे त्याचं. किती विचार करायचा. अशानं हाती आलेलं सावज निसटतं."

श्रीधर स्क्रीनकडे, बाबांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"हो बाबा," तो म्हणाला. "एक निसटलं. आमच्या डोळ्यांदेखत."

"बघ," बाबा समाधानानं म्हणाले. "मी सांगत नव्हतो?"