जोंधळ्यावर पास झालेलं यंत्र

उद्यमनगरात आकाराम मिस्त्रीसारखा टर्नर नाही, असं आकाराम मिस्त्री स्वतः सांगायचा. दुसऱ्या कुणी सांगेल म्हणून त्यानं कधी वाट पाहिली नाही. चंदगडकडच्या खेड्यातून तो सत्तर साली कोल्हापुरात आला, दुसऱ्याच्या लेथवर पंधरा वर्षं उभा राहिला आणि मग पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचा जुना लेथ आणि त्याहून जुनं मिलिंग मशिन बसवलं. हात खरोखर चांगला होता. कान मात्र लेथच्या आवाजानं गेले असावेत. गिऱ्हाईक काय बोलतं ते त्याला कधीच ऐकू येत नसे. "नमुना ठेवा आणि जावा," एवढंच तो म्हणे.

सत्त्याण्णव सालच्या श्रावणात, एका सोमवारी, शांतव्वा पिशवीत गिअर घेऊन आली. पितळी, मुठीएवढा, तीन दाते गायब. एका टॉकीजच्या दारात ती पॉपकॉर्न विकायची. यंत्र अमेरिकेचं, सासऱ्यानं लिलावात घेतलेलं, निदान चाळीस वर्षांचं. बनवणारी कंपनी कधीच बुडालेली, त्यामुळे सुटा भाग मागवायचा तर कुणाकडून? वर टॉकीजचा मॅनेजर बाळासो यानं सांगून ठेवलं होतं की शुक्रवारी नवा पिक्चर लागतोय, तोवर यंत्र फिरलं नाही तर दारातली जागा वेफर्सवाल्याला.

"मिस्त्री, दाणा खाली अडकतोय बघा," शांतव्वा म्हणाली. "कढईत ढवळायचं पातं हाय न्हवं, त्याच्या बुडाला..."

"मावशी, मोडलाय काय? गिअर. मग गिअरचं बोला."

"आवो, अडकतंय म्हणूनच त्यो मोडतोय की!"

"पॉपकॉर्न तुमी करा. गिअर मी करतो."

शांतव्वा गिअर ठेवून गेली. वीस वर्षं त्या यंत्रापुढं उभं राहिलेल्या बाईला यंत्रातलं काय कळणार? मिस्त्रीनं तर ते अजून पाहिलंही नव्हतं.

गिअर मात्र त्यानं झकास केला. मोडके दाते मोजले, धडके दाते मापले, पितळ लेथवर खरादलं, एकेक दाता कापला, कानशीनं कडा मारल्या. मंगळवारी दुपारी यंत्र टेम्पोतून शेडमध्ये आलं. गिअर बसला, पातं घुमायला लागलं. आता चाचणी. शांतव्वा मक्याची पिशवी सोडायला लागली, तर मिस्त्रीनं तिचा हात अडवला.

"विकायचा माल कशाला वाया घालवता?"

नागपंचमी नुकतीच झालेली. लाह्यांचा जोंधळा मिस्त्रीच्या घरी शिल्लक होता. बायको तानाबाईनं तो डबा भरून पाठवला. कढई तापली, जोंधळा पडला, आणि अशा लाह्या फुटल्या की अख्खी गल्ली शेडमध्ये गोळा झाली. पाच कढया झाल्या. शेजारच्या शेडमधला केरबा वेल्डर तर कागदात घेऊन बसलाच.

"आकाराम, लेका, नागोबा परत आला तर हितंच बसंल!"

"गिअर कुणी केलाय?" मिस्त्री म्हणाला.

बुधवारी टॉकीजच्या दारात तिसऱ्या कढईला कडकन आवाज आला. चार दाते गेले. आधी तीन गेले होते, म्हणजे कामात प्रगती होती.

मिस्त्री धावत गेला. बाळासो पायरीवर उभा राहून कान कोरत होता.

"काय मिस्त्री, तुमच्या शेडात तर म्हणं जत्रा भरलीती?"

मिस्त्री सरळ यंत्राकडं गेला. केरबा मागोमाग आलाच होता.

"पोलादाचा कर. बघू कसा मोडतोय."

"मग दांडा पिळवटंल. त्योबी पक्का केला की मोटर जळंल." एवढं त्याला कळत होतं. दाते कशानं जातात ते मात्र कळत नव्हतं, आणि ते कबूल करायची सवय नव्हती.

शांतव्वा पुढं झाली. तिनं त्याच्या तळहातावर एक मक्याचा दाणा ठेवला आणि शेजारी, पदराला बांधून आणलेला एक जोंधळा. सोमवारी बोलून झालं होतं.

मिस्त्रीनं निवलेल्या कढईत हात घातला. जोंधळा पात्याखाली सरकवला. तो आरपार निघाला. मका सरकवला. तो अर्धा गेला आणि पाचरीसारखा बसला. चाळीस वर्षं घासून पातं खालून झिजलं होतं, फट चार मिलिमीटर झाली होती. मका तिथं अडकला की पातं थांबायचं, मोटर रेटायची आणि दाते जायचे. जोंधळ्याला त्याचं काय सोयरसुतक? तो आपला खालून ये-जा करत होता.

"मावशी," मिस्त्री म्हणाला. "...पहिल्या दिवशी काय सांगत हुता?"

"काय न्हाय. गिअरचं बोलत हुते."

गुरुवारी त्यानं नवं पातं केलं. जुनं समोर ठेवलं, पण त्याचं माप घेतलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच नमुन्याबरहुकूम काम केलं नाही. माप कढईच्या बुडावरून घेतलं, एक मिलिमीटर फट ठेवली, परत गिअर केला. कपाळावरचा घाम कढईत पडू नये म्हणून डोक्याला फडकं बांधलं. दुपारी चारला शेडमध्ये चाचणी झाली, मक्यावर. जोंधळ्याचा डबा तानाबाईनं परत पाठवला होता, तो त्यानं उघडलाही नाही. शांतव्वा स्टुलावर बसली आणि कढया मोजल्या. दहा झाल्यावरही ती उठेना, म्हणून आणखी दोन केल्या.

शुक्रवारी पिक्चर पडला. पॉपकॉर्न चालले. वेफर्सवाला दोन दिवस रस्त्याच्या पलीकडं उभा राहिला आणि गेला.

पुढं दहा वर्षं सांगली, बेळगावाहून जुनी यंत्रं मिस्त्रीकडं येत राहिली. "पातं झिजलंय हे मी नुसत्या गिअरवरून वळखलं हुतं," असं तो प्रत्येकाला सांगायचा. फक्त शेडच्या पाटीवर खाली एक ओळ वाढली होती: चाचणीचा दाणा गिऱ्हाइकानं आणावा. आणि लेथशेजारी एक स्टूल आलं होतं. गिऱ्हाइकाला त्यावर बसवून तो लेथ बंद करायचा आणि विचारायचा, "हं, अडकतंय कुठं?"

शांतव्वानं खरं काय झालं ते कुणाला सांगितलं नाही. तिला पॉपकॉर्न विकायचे होते.