कॅलेंडरखालचं अर्धं चित्र

सदर इसम नामे शरणप्पा, राहणार शिरूर अनंतपाळ, हल्ली मुक्काम लातूर. हुद्दा: कलाशिक्षक. ओळखीची खूण: चित्रकलेचा तास गणिताला दिला की कपाळावर उमटणारी आठी, सबब ती कायमच असते. श्रेष्ठ चित्रांबाबत मार्गदर्शनाचा प्रदीर्घ अनुभव.

हा अनुभव एका कॅलेंडरवर उभा होता. ताक घुसळणारी बाई. कमरेखाली मात्र खताच्या दुकानाची जाहिरात आणि तारखा. डेरा कसा, पाय कसे, हे शरणप्पा फळ्यावर अंदाजानं काढून शिकवत आला. लातूरच्या भूकंपानंतर तीन-चार वर्षांनी दहावीची सहल हैदराबादला निघाली, तेव्हा पोरं सांभाळायला तो आपणहून गेला. मूळ चित्र तिथल्या मोठ्या संग्रहालयात होतं.

पहिल्याच दालनात पोरांनी वह्या काढल्या आणि मूर्तींखालच्या पाट्या उतरवून घ्यायला सुरुवात केली. मूर्तीकडं कुणी मान वर करीना.

"सर, हे पेपरला येतंय का?" वर्षाराणीनं विचारलं.

"न्हाई. लिवू नको, बघ जरा."

"लिव गं," निजामोद्दीन सर म्हणाले. ते शाळेत गणित शिकवत आणि पहाटे शिकवणी वर्गात तेच पुन्हा. "काय सांगावं."

असं करता करता संग्रहालय बंद व्हायची वेळ आली. शेवटच्या दालनाच्या दारातून शरणप्पाला ती चौकट दिसली. मध्ये पोरांची डोकी. बाईचा चेहरा, खांदा, कंबर. तिथवर त्याला पाठच होतं.

"सरका रे," तो म्हणाला.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट ओढलं. काचा किणकिणल्या.

लातूरची पोरं अशा वेळी ओरडत बसत नाहीत. वह्या टाकून सगळी अंगणात, भिंतींपासून लांब, मधोमध जाऊन उभी राहिली. आतली हैदराबादची माणसं जागची हलली नाहीत. अंगणात सगळ्यांच्या आधी पोचलेला इसम शरणप्पा.

पहारेकऱ्यानं वह्या तेवढ्या बाहेर आणून दिल्या आणि दार लावलं. "बंद हो गया साब." दुसऱ्या दिवशी सकाळी लातुरात सराव परीक्षा होती, सबब मुक्काम नाही.

बसमध्ये शरणप्पानं विचारलं, "निजामोद्दीन सर, तुम्ही पुढं होता. त्या बाईच्या चित्रात खाली काय होतं?"

"बघितलं की. लई मोठं होतं."

"वर्षाराणी, तू?"

"पाटी पूर्ण लिवलीय सर. वाचू?"

शाळेच्या दप्तरी नोंद झाली: श्री. शरणप्पा यांनी मूळ कलाकृतींचे प्रत्यक्ष अवलोकन केले.

चित्राचा खालचा अर्धा भाग त्यानं अजून पाहिलेला नाही.