चार रांगांचं पाणी

नागपूरहून सौंसर म्हणजे बसनं दोन तास. सावनेर सोडलं, पुढे मध्य प्रदेशची हद्द ओलांडली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले की आलंच. लोक सकाळी जातात, लग्न जेवतात आणि दिवेलागणीला घरी परततात. मी मात्र पंधराव्या वर्षी ते गाव सोडलं ते पुन्हा गेलेच नाही. कुणी विचारलं तर कारणं तयार असायची. आधी परीक्षा, मग नोकरी, मग मुलं, आणि आता गुडघे. खरं कारण संत्र्याच्या चार रांगा होत्या, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बाबा सौंसरला एका जिनिंगमध्ये बाबू होते. शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या की कापूस तोलायचा, पावती फाडायची, हे त्यांचं काम. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की जिन सुरू व्हायची आणि आमच्या घरभर बाबांच्या सदऱ्यावरून आलेली रुई उडायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या एका वर्षी मात्र दिवाळी झाली तरी जिनिंगचं फाटक उघडलंच नाही. मालकांचं आपसात काहीतरी बिनसलं होतं. बाबा रोज सकाळी इस्त्रीचा सदरा घालून फाटकापर्यंत जायचे आणि परत यायचे. आई म्हणायची, "जाऊन राहिले तं पिशवी तरी घेऊन जा, येताना भाजी आणता येईल." पुढे पुढे भाजीही रोज येईना.

मग नागपूरहून मामाचं पत्र आलं. इतवारीत त्याच्या ओळखीच्या एका लोखंडाच्या दुकानात हिशेबाला भरवशाचा माणूस हवा होता. दोन खोल्याही मिळत होत्या. 'पोरांच्या शाळांचं पाहायचं आहे, तेव्हा उन्हाळ्याच्या आत काय ते कळवा,' असं त्यानं खाली दोनदा लिहिलं होतं.

दादा तेव्हा अकरावीत आणि मी नववीत. आमच्या मध्य प्रदेशात तेव्हा अकरावी बोर्डाची, महाराष्ट्रात दहावी बोर्डाची. म्हणजे दादा इथली अकरावी उरकून सरळ नागपूरच्या कॉलेजची स्वप्नं पाहणार, आणि मी मात्र नव्या गावात, नव्या पुस्तकांसकट, थेट बोर्डाच्या वर्षात जाऊन पडणार. त्याच्यासाठी ते वर्ष जायला सगळ्यात सोयीचं होतं आणि माझ्यासाठी सगळ्यात वाईट.

बाबांनी एका रविवारी जेवताना सगळ्यांना विचारलं. आमच्या घरात मुलांना विचारायची रीत नव्हती, त्यामुळे दादानं आधी हातातला घास खाली ठेवला.

"मले तं नागपूरच पाहिजे," तो म्हणाला. "इथं राहून काय करू? बंद जिनिंगचं कुलूप मोजू?"

"मी नाही येणार," मी म्हणाले. "मी आत्याजवळ राहीन."

आई म्हणाली, "मले विचारूच नका. नागपूर म्हटलं तं म्हणाल, हिले माहेर पाहिजे. नाही म्हटलं तं म्हणाल, हिले पोरायची चिंता नाही."

बाबा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले म्हणून लक्षात राहिलं. मग त्यांनी त्यांच्या मनातलं सांगितलं. बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, सौंसरलाच राहायची. तिचा रामाकोन्याच्या रस्त्यावर संत्र्याचा बगीचा होता. ती एकटी, तिच्यानं आता होत नव्हतं. तो एक बहार, म्हणजे त्या हंगामाचं पीक, बाबांनी निम्म्या हिश्श्यानं करावा असं तिनं सुचवलं होतं. जिनिंग नाही तर बगीचा. बहार चांगला आला तर राहायचं, नाही आला तर जूनमध्ये नागपूर. "झाडायलेच ठरवू द्या," बाबा म्हणाले. मला तर आनंदानं जेवण जाईना. झाडं आपल्याच बाजूची आहेत, याबद्दल मला शंकाच नव्हती.

तो बगीचा मला घराहून आवडायचा. शाळा सुटली की सायकलवर टांग मारायची आणि वीस मिनिटांत तिथं. विहिरीपाशी एक वाकडं झाड होतं. त्याच्या बुंध्याला पाठ लावली की नेमकी मान टेकायला जागा मिळायची. तिथं बसून मी भूगोल पाठ केला, तिथंच मैत्रिणीशी भांडून रडले. दुपारी रामाकोन्याकडून नॅरोगेजची छोटी गाडी यायची, तिची शिट्टी ऐकली की निघायची वेळ झाली. आजही दुपारी कधी डोळा लागला तर ती शिट्टी येते आणि मी निघायला म्हणून उठून बसते.

डिसेंबरात बाबांनी झाडांना ताण दिला. संत्र्याला फूल यावं म्हणून काही आठवडे त्याचं पाणी पार तोडतात. पानं मलूल होतात, वळतात, थोडी गळतातही. मग योग्य वेळी पाणी सोडलं की झाड फुलानं भरून जातं. आत्यानं हे बाबांना शिकवलं आणि बाबांनी आम्हाला बजावलं, "मी सांगतो तवापर्यंत एक थेंब नाही. जीव तुटला तरी नाही."

त्याच सुमारास आई मला जामसांवलीच्या मारुतीला घेऊन गेली. तिथला मारुती आडवा, निजलेला. झोपलेल्या देवाला नवस बोलताना मोठ्यानं बोलायचं की हळू, हे मला ठरवता येईना. शेवटी मी मध्यम आवाजात सांगितलं, "आम्हाला इथंच राहू दे." आईनं काय मागितलं ते तिनं कधीच सांगितलं नाही.

डिसेंबर संपता संपता बाबा जिनिंगच्या राहिलेल्या पगाराची चौकशी करायला छिंदवाड्याला गेले. चार दिवस लागणार होते. बगीच्यात चक्कर मारायचं काम त्यांनी दादाला सांगितलं आणि अभ्यास आहे म्हणून दादानं ते माझ्या गळ्यात घातलं. मी गेले आणि दारातच थबकले. माझ्या वाकड्या झाडाची पानं पन्हाळीसारखी आत वळली होती. हात लावला तर दोन पानं हातातच आली. मातीला भेगा होत्या.

मला ताण म्हणजे काय ते माहीत होतं, हे मी कबूल करते. मला कुणी फसवलं नाही. पण मला वाटलं, बाबांचं काहीतरी चुकलंय. जन्मभर कापूस तोललेल्या माणसाला झाडाचं काय कळतं? आत्यानं पंधरा दिवस सांगितले असतील, यांनी महिना ऐकला असेल. पंधरा वर्षांच्या पोरीला जेवढी अक्कल असते, तेवढी सगळी मी त्या दुपारी वापरली. झाडं मेली तर आपल्याला नागपूरला जावं लागेल, आणि झाडं मरत होती. मी विहिरीजवळच्या खोलीत गेले आणि मोटरचं हिरवं बटण दाबलं.

पाणी दांडातून, म्हणजे मातीच्या पाटातून, असं पळत गेलं की मला हसू फुटलं. चपला काढून मी दांडात उतरले आणि हातानं माती सारत एकेका झाडाच्या आळ्यात पाणी वळवलं. तीन दुपारी मी हे केलं. विहिरीजवळच्या चार रांगा भिजल्या. चौथ्या दिवशी बाबा आले.

ते सकाळीच बगीच्यात जाऊन आले. दुपारी जेवताना गप्प होते. आईनं पगाराचं विचारलं तर "पाहू" एवढंच म्हणाले. मला वाटलं, छिंदवाड्याचं काम झालं नाही म्हणून गप्प आहेत.

पंधरा दिवसांत माझ्या चार रांगांवर नवती आली. नवती म्हणजे कोवळी पालवी. अशी लखलखीत हिरवी की बघत राहावं. बाकीची झाडं अजून मलूलच होती. मी बाबांना हाताला धरून ओढत नेलं. "पाहा न बाबा, किती छान झाले हे!"

बाबांनी झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हो न," ते म्हणाले.

पुढे बाबांनी पाणी सोडलं आणि माघ संपता संपता बाकीचा बगीचा फुलला. पानं दिसू नयेत इतकी पांढरी फुलं. त्या वासानं रस्त्यावरचे लोक सायकली हळू करायचे. आणि माझ्या चार रांगा हिरव्याच्या हिरव्या. ताण मध्येच तुटला की झाड फुलाऐवजी पालवीच काढतं; त्यांना फूल नव्हतं. विहिरीजवळचीच झाडं सगळ्यात जुनी, सगळ्यात भरघोस. अर्धा माल त्यांच्यावरच धरायचा, हेही मला तेव्हाच कळलं.

उन्हाळ्याच्या तोंडी फळं बोराएवढी झाली आणि पांढुर्ण्याहून संत्र्याचा एक व्यापारी उभ्या बगीच्याचा सौदा करायला आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभी होते. त्यानं रांगांमधून एक फेरी मारली आणि विहिरीपाशी थांबला.

"इकडचा ताण तुटला, बाबूजी. कोणी पाणी सोडलं काय?"

"डिसेंबरात पावसाची एक सर आली होती," बाबा म्हणाले.

"सर काय चार रांगांवरच पडली?" व्यापारी हसला.

बाबांनी माझ्या हातातला तांब्या घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "पाणी घ्या," ते म्हणाले. "आमच्याकडे पाऊस असाच पडते."

त्यानं सांगितलेल्या भावात आत्याचा हिस्सा आणि खताचा खर्च गेल्यावर हातात काही उरत नव्हतं. त्या संध्याकाळी बाबांनी मामाला पत्र लिहायला घेतलं. आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. दादा उगाच घरभर फिरत होता, त्याला आनंद लपवता येत नव्हता आणि त्याची लाजही वाटत होती. मी मागच्या दारी गेले आणि अंधार पडेपर्यंत घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले.

जूनमध्ये आम्ही छोट्या गाडीनं निघालो. आत्या स्टेशनवर आली होती. तिनं आईच्या ओटीत नारळ घातला आणि माझ्या हातात कागदाची पुडी दिली. आत वाकड्या झाडाची पानं होती. "तुह्या झाडाची आहेत," ती म्हणाली. तिच्याकडे मला बघवेना. मी गाडीत उलट्या बाजूच्या खिडकीशी जाऊन बसले. गाव मागं जाताना मी पाहिलंच नाही. सगळ्यात जास्त मला तेच लागतं. निदान एकदा पाहायला हवं होतं.

नागपूरनं आम्हाला वाईट वागवलं नाही. सौंसरात हिंदीवाले आम्हाला मराठी म्हणायचे, इथं वर्गात मी एमपीवाली झाले, एवढंच. दादा शिकला, चांगल्या नोकरीला लागला. आईला माहेर मिळालं. बाबा वीस वर्षं लोखंडाच्या दुकानात हिशेब लिहीत राहिले. बाजारात सौंसरची संत्री यायची. आई पिशवीभर आणायची आणि मी सोलायची नाही. वासच नको वाटायचा, आणि तोच वास हवाही असायचा. आत्या गेली तेव्हाही माझी परीक्षा निघाली. बाबा एकटेच जाऊन आले. दर वेळी गावाहून आले की म्हणायचे, "तू तं नागपूरचीच झाली बाई. तुले सौंसर कायले पाहिजे?" मी हसून विषय बदलायची. बाबांना माहीत आहे की नाही, हे विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

परवा सौंसरहून एक लग्नपत्रिका आली. बाबांनी चष्मा लावून ती पूर्ण वाचली आणि मला विचारलं, "येतं काय?" ते आता चौऱ्याऐंशीचे आहेत. मी गुडघ्यांचं सांगितलं.

बाबा पत्रिकेवर बोट फिरवत बसले. मग म्हणाले, "छिंदवाड्याहून आलो त्या दिवशी दांडात तुह्या पायाचे ठसे होते. लहान लहान. आत्या दुपारी येणार होती, म्हून मी फावडं घेऊन सगळे ओढून टाकले."

मी विचारलं, "मग तुम्ही बोलले काऊन नाही?"

"बोललो असतो तं घरात, गावात, सगळ्यायच्या तोंडी तेच झालं असतं. पोरीनं बहार घालवला म्हणून. तुले त्या गावात पाय ठेवता आला नसता." त्यांनी पत्रिका नीट घडी करून पाकिटात घातली. "गाव तं सुटतच होतं. निदान तुले जाता-येता यावं म्हून बोललो नाही. अन् तू तं एकदाही गेली नाही, बाई."