सहा नंबरची मशीन

कॉम्प्युटर बंद पडला की हिरामावशी त्याच्याकडे नाही, आपल्याकडे बघायची. “पडायच्या आधी काय केलंस? नि त्याच्या आधी?” मुरबाडच्या आमच्या कॉलेजात ती लॅबची शिपाई. शिक्षण सातवी. म्हसा गावाजवळच्या पाड्यावरून यायची, पदर खोचून झाडू मारायची, आणि कुठली मशीन कधी रुसते ते सरांच्या आधी तिला कळायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना व्हिडिओवरचे धडे बघता बघता पडदे काळे व्हायला लागले. कधी चित्र परत यायचं, कधी मशीनच गोठायची. शहरातून आलेला मेकॅनिक पाच मिनिटांत म्हणाला, “पाड्यावरची पोरं, काहीही दाबतात.” शेवटचा पडदा माझ्यासमोर काळा झाला होता. प्राचार्यांनी लॅबला कुलूप लावायचं ठरवलं आणि सगळ्या वर्गासमोर माझ्या हातात टाईप केलेला माफीनामा दिला: माझ्या निष्काळजीपणामुळे बिघाड झाला. कॉलेजात पोचलेला मी आमच्या घरातला पहिला. खोटं सांगत नाही, मी पेन काढलं होतं.

मावशीनं कागद ओढून घेतला.

“तू बिघडवलंस?”

“नाय.”

“मग सही कशाची करतोस रे?” आणि तशीच प्राचार्यांसमोर उभी. “सायेब, दोन दिवस द्या. नाय सापडलं तर लॅबला कुलूप लावा नि मला घरी बसवा.”

आम्ही पेनड्राइव्हवरून एकच व्हिडिओ एकेका मशीनवर लावत गेलो. मला घाई. मी चार गोष्टी एकदम बदलायला गेलो की हातावर चापट. “एका टायमाला एकच! दोन बदलल्यास तर चोर कोण ते कळंल कसं?” नोंदी ती माफीनाम्याच्या कोऱ्या बाजूवर लिहायची. टायपिंग करताना काही होत नव्हतं, व्हिडिओ लागला की पडदा काळा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ मशीन पडल्या. चालली फक्त सहा नंबर. तिची नेटची वायर उंदरांनी कधीच कुरतडलेली, आम्ही तिच्यावर दप्तरं ठेवायचो.

“जिला कुणी विचारीत नाय, तीच धड कशी? तू इंग्रजी वाच, बघ काय वेगळं हाय तिच्यात.”

वेगळा होता ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम. बाकी नऊ मशीनवर तो नेटवरून आपोआप नवा झालेला, सहा नंबरवर जुनाच. मी तीन नंबरवर जुना घातला. व्हिडिओ शेवटपर्यंत चालला. मी उडीच मारली.

“नाचू नको. नवा परत घाल.”

घातला. पडदा काळा.

“आता जुना.”

चालला.

“हां. आता बोलव सायबाला.”

प्राचार्यांनी सगळं बघितलं आणि हळूच म्हणाले, “बरं, पोरांची चूक नव्हती तर.”

“आळ वर्गासमोर घातलात सायेब, नि खरं माझ्या कानात?”

त्यांना वर्गासमोर बोलावं लागलं.

आज मी लोकांचे कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरतो. साहेब लोक शिपायाकडे बोट दाखवतात, तेव्हा मी आधी साहेबांनाच विचारतो, पडायच्या आधी काय केलंत? मावशी रिटायर झाली त्या दिवशी तिनं तो कागद मला दिला. तिच्या नोंदींची बाजू पार भरलेली आहे. उलटून बघावं, तर सहीची जागा अजून कोरी.