डांबर ओलं होतं

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते गाडीच्या पोटाला डांबर लावायचं. एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या पुढचं मी कुणाला बोललो नाही — पोराला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमेल कदाचित.

चौथी शिकलेला माणूस आहे. पुढचं-मागचं होईल.

झरीत आमचं घर. दोन हजार एकोणीस. जमीन हलत होती ते साल — डहाणू-तलासरीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. आज धक्का, उद्या धक्का. भिंतींना चिरा. लोक अंगणात प्लास्टिक ताणून झोपायचे, आम्हीपण. आणि अशा दिवसांत मी गाडी घेतली. लोक घर सावरत होते, मी गाडी. सुमन, माझी बायको, नुसती हसली. म्हणाली, "घर पडलं तर गाडीत राहू."

तीस वर्षं मी डहाणूला एका चिकूवाडीच्या शेठची गाडी चालवली. रोज सकाळी धुतली, पुसली, आणि दार उघडून उभा राहिलो. स्वतःची कधी नव्हती. ही सात सीटची, जुनी, उंच गाडी डहाणूच्या एका मासळीवाल्याकडची. तो म्हणाला, "एकदम सरस छे, काका." सरस कसली! मागची सीट काढून तो बर्फाच्या पेट्या भरायचा. खारं पाणी गळून गळून तळाचा पत्रा गंजला होता. बोट दाबलं की पापुद्रा सुटायचा. पण इंजिन चांगलं होतं. इंजिन मला कळतं.

तीन दिवस सुमनने ती गाडी आतून घासली. रबरी मॅट उचलली तर खाली मासळीचे खवले, बोटभर थर. सोडा, चिंच, गरम पाणी, जे हाताला येईल ते. वास जाईना. शेजारच्या देवजीची बायको जमनी कुंपणावरून बोलली, "काकू, दारात सवत आणली की गो काकांनी! तिला न्हाऊमाखू पण तूच घालतेस?"

सुमन म्हणाली, "काळी हाय ना, बरं हाय. तिच्याशेजारी मी गोरी दिसते."

अशी होती ती.

गंजाचं काम माझं. तारेच्या ब्रशने खरवडायचं, पॉलिश पेपर मारायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो सुकला की रॉकेल घालून पातळ केलेलं डांबर. एरवी मी गाडी दगडांवर चढवून खाली शिरलो असतो. पण जमीन हलत असताना दगडांवरच्या गाडीखाली कोण झोपेल? म्हणून अंगणात कमरेएवढा खड्डा खणला, त्यावर गाडी आणून उभी केली, आणि मी खड्ड्यात उतरलो. चाकं चारही जागेवर होती.

हे लक्षात ठेवा. चाकं जागेवर होती.

त्या दिवशी सकाळी शेवटचा हात मारला. चेसीच्या वरच्या बाजूला कुठे राहिलंय ते मला खालून दिसेना, तर सुमन कुंकू लावायचा तिचा आरसा घेऊन आली. खड्ड्याच्या काठावर उकिडवी बसली आणि आरसा आत धरून मला दाखवत राहिली. "इथं राहिलं. अजून मागं. तिथं नाय हो, तुमच्या डोक्यावर." दोन तास बसली असेल. मधे एक धक्का आला. तिने आरसा टाकला आणि दोन्ही हातांनी बंपर धरला. एवढी मोठी गाडी ती बाई काय धरणार होती?

जेवलो. दोनच्या सुमाराला ती म्हणाली, हात जड झालाय. मी म्हटलं, आरसा धरून बसलीस, होणारच. मग म्हणाली, छातीत कसंतरी होतंय. त्या दिवसांत सगळ्यांनाच कसंतरी व्हायचं. कुणाला धडधड, कुणाला चक्कर. मी म्हटलं, धक्क्याची भीती बसलीय, लिंबूपाणी घे. तिने घेतलं. ओकली.

मला तेव्हा कळलं नाही — असं लिहिणार होतो. लिहीत नाही. ओकल्यावर तिच्या कपाळावर घाम आला, फेब्रुवारीच्या गार वाऱ्यात, आणि ओठ पांढरे पडले. शेठच्या बापाला अटॅक आला तेव्हा तो मी असाच बघितला होता. मीच त्याला गाडीत घालून दवाखान्यात पळवला होता. मला कळलं होतं.

ती म्हणाली, "गाडी काढा ना."

सरळ म्हणाली. रडून नाही, ओरडून नाही. पाणी द्या म्हणतात तसं.

मी म्हणालो, "डांबर ओलं आहे."

झालं. हेच ते. आमच्या घरापासून डांबरी सडकेपर्यंत नुसता फुफाटा. ओल्या डांबरावर धूळ बसली असती, खडी उडून मारलेला हात निघाला असता, सायलेन्सर तापून धूर झाला असता. सायलेन्सरला डांबर लागू नये म्हणून मी पिशव्या बांधल्या होत्या, त्या सोडायला किती वेळ लागतो? किल्ली माझ्या खिशात होती. तलासरी वीस मिनिटं. मी मनात मोजलं — काय मोजलं ते विचारा. डांबर सुकायला अजून किती तास, ते मोजलं.

ती परत म्हणाली नाही. एकदाच म्हणाली. दोनदा म्हणाली असती तर काढली असती का? मला नाही माहीत.

तिला हाताला धरून सडकेवर नेलं. तीन वेळा बसली वाटेत. टमटम यायला पाऊण तास गेला. आली ती भरलेली. टमटमवाला ओळखीचा. म्हणाला, "काका, दारात नवी गाडी हाय ना तुमच्या?" मी म्हटलं, "काम चाललंय तिचं." एका बाईने पोर मांडीवर घेऊन जागा केली. हायवेला लागेपर्यंत सुमनचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. नंतर पण होतं, पण जड झालं.

दवाखान्यात डॉक्टरने तपासलं. "कधीपासून दुखत होतं?" मी म्हणालो, "आत्ताच." त्याने मान हलवली आणि कागद पुढे केला. मी सही केली.

दिनेशला, पोराला, फोन केला. तो वापीला कंपनीत. आधी रडला. मग म्हणाला, "बाबा, गाडी होती ना?"

मी म्हणालो, "चाकं काढलेली होती रे. दगडांवर होती."

कुठून आलं तोंडात? ठरवलं नव्हतं. पण अडखळलोही नाही.

दिनेशचे मामा, सुमनचे भाऊ, यायचे होते, म्हणून तिला रात्रभर दवाखान्यातच ठेवली. दिनेश वापीहून आला, तो तिच्यापाशी थांबला. देवजीने मला मोटारसायकलवर घरी सोडलं. रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. डांबर, सांगतो, चांगलं बसलं. गाडी आजही आहे. खालून बघा, गंजाचा ठिपका नाही.

उजाडल्यावर मी सायलेन्सरच्या पिशव्या सोडल्या, गाडी सुरू केली, खड्ड्यावरून मागे घेतली. एका झटक्यात सुरू झाली. अंगणाच्या तोंडाशी आणून उभी केली. जॅक लावला. एकेक चाक काढलं, खाली दगड रचले. तीस वर्षांची सवय. जमनी अंगण झाडायला आली तेव्हा चौथं चाक निघत होतं. खराटा हातात धरून उभी राहिली. "काका, आता हे कशाला?"

"झाड तू," मी म्हणालो.

तिने झाडलं. चाकांभोवतीपण झाडलं.

नऊ वाजता टेम्पो आला. गाडी वाटेत, दगडांवर. टेम्पो आत येईना. सुमनला सडकेवरून उचलून आणावं लागलं, गाडीच्या आणि कुंपणाच्या मधून, चौघांना आडवं होऊन. दिनेश पुढे होता. तिला ओट्यावर ठेवल्यावर तो माघारी आला, गाडीपाशी थांबला, चाकांच्या रिकाम्या जागा बघितल्या.

मग माझ्याजवळ आला. माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी तो ठेवू दिला.