नुसतं ‘हो’ चालत नाही

माझी नात विमान चालवायला शिकते. रेडिओवर बोलायच्या परीक्षेत ती एकदा नापास झाली. विमानतळावरच्या टॉवरनं सांगितलेलं जसंच्या तसं परत म्हणायचं असतं, तर ही घरच्यासारखं ‘हो हो’ म्हणून मोकळी.

मग दिघीतल्या आमच्या स्वयंपाकघरात मी टॉवर झाले. उंबरा म्हणजे हद्द, विचारल्याशिवाय आत यायचं नाही.

“आजी, येऊ?”

“ये, पण ओट्याच्या डावीकडून.”

“हो.”

“मग राहा बाहेरच.”

आठवडाभर हेच चाललं बघा. परत परीक्षा आली, त्या सकाळी ती निघाली.

“आजी, येते.”

“सावकाश जा, डबा खा, पोचलीस की फोन कर.”

चपला घालता घालता ती म्हणाली, “सावकाश जाते, डबा खाते, पोचले की फोन करते.”

मी निवांत चहा टाकला.