बोरीत वाघरू नाही, असं मी केनियाला कळवलं

माझं दुकान राजुरीला, घर बोरी बुद्रुकला आणि अब्रू गेली ती केनियात. कुणी घालवली म्हणाल, तर मीच. हेडफोन लावून, इंग्रजीत.

दुकान मोटर रिवाइंडिंगचं. जळालेली पाण्याची मोटर आली की जुनी तार उपसायची, नवी कॉइल भरायची, वार्निश मारायची आणि वाळत ठेवायची. वार्निश वाळेपर्यंत माणसानं काय करावं, हे मला काम शिकवणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. ते मोबाइलनं सांगितलं. विमानातून उड्या मारायच्या, पडक्या घरांतून बंदुका गोळा करायच्या आणि शेवटपर्यंत जिवंत राहायचं, असा तो खेळ. मैदानाभोवती एक निळं रिंगण असतं, ते आवळत आवळत येतं आणि बाहेर राहिला तो मेला. चाळिशीला टेकलेल्या, दोन लेकरांच्या बापानं हे खेळावं का, हा प्रश्न घरात निघालेला आहे, तो इथं नको. गिऱ्हाइकांना मात्र वाटायचं की मी मोटरच्या कंपनीशी बोलतोय. मीही तसं वाटू दिलं.

आमची टोळी तिघांची. एक फिनलंडचा, तिकडं बस चालवणारा. एक केनियाचा, मोठ्या शहरात सातव्या मजल्यावरच्या कचेरीत बसणारा. आमच्याकडं चार वाजत आले की त्याची जेवणाची सुट्टी. तिसरा मी, गवतात लपून बसण्यात पटाईत. केनियावाला जीप चालवायचा, आणि आपल्यातला कुणी जायबंदी झाला की सुसाट येऊन गोळीबारातनं उचलायचा. मला त्यानं कितीदा उचललं याची गणती नाही. मी त्याला एकदाही उचललं नाही, कारण मी गवतात असायचो.

खेळ सुरू व्हायच्या आधी तो रोज विचारायचा, "वार्निश वाळली का?" एकदा मी काय काम करतो ते त्यानं विचारून घेतलं होतं, ते लक्षात ठेवलं होतं. माझ्या सख्ख्या भावाला वार्निश म्हणजे काय ते अजून माहीत नाही.

मी त्याला काय विचारायचो ते सांगायला आता जीभ अडखळते. मी विचारायचो, "सिंह आला का?"

यात वाईट काही होतं असं मला खरंच वाटत नव्हतं. आमच्याकडं माणूस गावावरनं ओळखतात. सून घरात आली की तिला माहेरच्या गावाचं नाव चिकटतं. माझी बायको आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळची, तर बोरीत बारा वर्षं झाली तरी ती महाळुंगेवालीच. आणि एकदा गाव कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं, अशी आमची पक्की समजूत. त्या गावचे तापट, ह्या गावचे चिकट, तिकडं चहात साखर कमी. महाळुंग्याची माणसं पाहुणा दिसला की आधी त्याच्या चपलेकडं बघतात, असं मी बारा वर्षं बायकोला ऐकवत आलोय. तिचं उत्तर ठरलेलं आहे, की तुमच्या जुन्नरच्या माणसाला रस्ता विचारला तर तो आधी स्वतःचा कांदा दाखवतो. तर हीच पद्धत मी जगाला लावली. फिनलंड म्हणजे बर्फ आणि सहा महिने रात्र. केनिया म्हणजे सिंह. विषय संपला.

फिनलंडवाल्याला मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं की सहा महिने रात्र असते तर तुम्ही तेवढे दिवस झोपता का. तो म्हणाला, मला पाच वाजता डेपोत जावं लागतं. त्याचंही ज्ञान माझ्याच तोलाचं होतं म्हणा. एकदा व्हिडिओवर त्यानं माझ्या मागच्या भिंतीवर बुद्धांचा फोटो पाहिला आणि तुझं घराणं चीनमधनं कधी आलं असं विचारलं. मी सांगितलं, बाबा, बुद्ध आमच्याच बाजूचे, चीनला नंतर गेले, आणि आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला. तर म्हणाला, पण भारतातले सगळे हिंदू असतात ना. त्याला समजावता समजावता रिंगण आवळलं आणि आम्ही तिघंही मेलो. त्या अडाणीपणावर मी आठवडाभर हसलो. हसून झालं की केनियावाल्याला विचारायचो, सिंह आला का.

असं चार महिने चाललं. त्याच्या बाजूला दार वाजलं की सिंह आला का, तो जरा गप्प बसला की सिंहानं नेलं का. सुरुवातीला तो हसायचा. मग नुसतंच 'हं' म्हणायचा. 'हं' म्हणजे काय, हे बारा वर्षं संसार केलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

एके दिवशी तो म्हणाला, "हे बघ, मी सिंह एकदाच पाहिलाय. शाळेच्या सहलीत. झोपला होता, त्याची फक्त पाठ दिसली. कचेरीत परदेशातले फोन येतात, तेही मला हेच विचारतात. तुमच्या देशात वाघ आहेत. मी तुला कधी विचारलं का?"

इथं शहाण्या माणसानं चुकलो म्हटलं असतं. पण माझ्यातला देश जागा झाला. मी म्हणालो, कसले वाघ, कसलं काय. आमच्याकडं द्राक्षबागा आहेत, डांबरी रस्ते आहेत, शेततळी आहेत. जंगली जनावर बघायचं तर आम्हाला पुण्याला जाऊन तिकीट काढावं लागतं.

हे मी कुठं बसून बोललो ते सांगतो. त्या दिवशी दुकान बंद होतं, मी घरच्या ओट्यावर होतो. समोर चुलत्याचा ऊस. उसाच्या कडेला वनखात्याचा पिंजरा, त्याच्या मागच्या कप्प्यात शेळी. शेळी माझ्याकडंच बघत होती. आठवड्यात दोनदा वाघरू दिसलं होतं. बिबट्याला आमच्याकडं म्हातारी माणसं अजून वाघरूच म्हणतात. शेतात वाकून काम करणारांसाठी गावात गळ्याला बांधायचे खिळ्यांचे पट्टे आले होते. शाळेतनं येताना उसाची वाट लागते म्हणून बायकोही तो पट्टा घालायची. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे. आणि मी केनियाला कळवत होतो की आमच्याकडं जनावर नाही.

तो 'बरं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. दोन आठवडे झाले. त्याच्या जागेवर रोज नवा कुणीतरी यायचा, जीप झाडावर घालायचा, आणि मी जायबंदी होऊन गवतात पडलो तरी उचलायला कुणी यायचं नाही. वार्निश वाळली का, हे विचारायलाही कुणी नव्हतं. फिनलंडवाला म्हणाला, तो सिंहाला कंटाळलाय, तू माफी माग.

आता माफी ही आमच्याकडची वस्तू नाही. आमच्याकडं भांडण झालं की चार दिवसांनी एकानं दुसऱ्याच्या दारावरनं जायचं, दुसऱ्यानं 'च्या घेऊन जा' म्हणायचं, झालं. केनियाच्या दारावरनं कसं जायचं? बायकोला विचारलं. ती वह्या तपासत होती. वर न बघता म्हणाली, "येवढी थट्टा केली ना, मंग आता त्यालाबी करू द्या. खरं सांगा तुमच्याकडं काय हाय ते."

मला पटलं. व्याह्या-व्याह्यांत असंच असतं. एकानं खेचायची आणि दुसऱ्यानं नुसतं ऐकायचं, तर ती थट्टा राहत नाही. मी देशाच्या अब्रूवर पाणी सोडलं आणि लिहून पाठवलं, की मी खोटं बोललो, आमच्या घरामागं बिबट्या आहे.

त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं. 'बरं.' म्हणजे आता मी नव्यानं टिंगल करतोय असं त्याला वाटलं.

मी पिंजऱ्याचा फोटो पाठवला. तो म्हणाला, ही शेळी आहे. मी चिखलातल्या ठशाचा पाठवला. तो म्हणाला, कुत्रा. शेवटी बायकोचा खिळ्यांचा पट्टा गळ्यात बांधला, वर हेडफोन चढवला आणि स्वतःचाच फोटो काढून टोळीच्या गटावर टाकला. फिनलंडवाल्यानं विचारलं, गाण्याच्या कुठल्या बँडमध्ये आहेस. केनियावाला काहीच बोलला नाही. बायको बोलली. पट्टा कापडानं पुसून घ्या म्हणाली.

मग एक रविवार आला. त्या आठवड्याची शेवटची स्पर्धा, तिघं जुने लागत होते, म्हणून फिनलंडवाल्यानं त्याला गळ घालून आणलं. तो आला, पण माइक बंद ठेवून. जीप चालवत होता, न बोलता. गाडीत रुसलेला जावई बसल्यासारखं वाटत होतं.

त्याच दिवशी चुलत्याच्या उसाला तोड लागली होती. तोडणारे चहूबाजूंनी कापत आत निघाले होते आणि मध्ये खोलीएवढा तुकडा उरला होता. इकडं माझ्या मोबाइलमध्ये निळं रिंगण तसंच आवळत होतं. मी ओट्यावर पाय सोडून बसलेलो, कानात गोळीबार, खेळात गवतात पालथा पडलेला. जगात काय चाललंय याची गंधवार्ता नाही.

अचानक केनियावाल्याचा माइक उघडला. दोन आठवड्यांनी त्याचा आवाज ऐकला. "तुझ्या मागं ओरडतंय कोण?"

मला इतका आनंद झाला की त्यानं काय विचारलंय ते नीट ऐकलंच नाही. म्हणालो, काही नाही, ऊस तोडतायत, आमच्याकडं काम ओरडूनच होतं.

तेवढ्यात माझ्या दंडाला जो हिसका बसला तो अजून आठवतो. बायकोनं मला ओट्यावरनं उचलून घरात ओढलं, दार लावलं आणि हेडफोन काढला. तेव्हा कळलं. बाहेर पत्र्याचे डबे वाजत होते, माणसं ट्रॉलीवर चढून ओरडत होती, आणि खिडकीतनं मी बघितलं तर उरलेल्या उसातनं ते पिवळं जनावर निघालं, आमच्या अंगणातनं, मी बसलो होतो त्या ओट्याला वळसा घालून, कॅनॉलच्या दिशेनं गेलं. धावत नव्हतं. कंटाळल्यासारखं चाललं होतं. शेळीकडं बघितलंसुद्धा नाही.

माझी पोरं आतल्या खोलीत होती. तोडणाऱ्यांची लेकरं बायकोनं आधीच शाळेच्या वऱ्हांड्यात नेऊन बसवली होती. सगळ्यांची सोय करून तिला शेवटी आठवण झाली ती माझी.

हेडफोनमधनं बारीक आवाज येत होता. तिनं तो स्वतःच्या कानाला लावला आणि मुलांना धडा शिकवावा तशा स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की भाऊ, मी यांची बायको. बिबट्या आला होता. आत्ता गेला. इथं पुष्कळ आहेत. हे तुमच्याशी खोटं बोलले, कारण यांना लाज वाटली.

पलीकडनं त्यानं काय विचारलं ते तिनं मला नंतर सांगितलं. "सगळे सुखरूप आहेत ना? मुलं कुठं आहेत?"

एवढंच. बिबट्या केवढा होता, हे सुद्धा नाही. मी चार महिने त्याला सिंह विचारला, त्याच्या घरी कोण कोण आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं. बायकोनं तेही दोन मिनिटांत विचारून घेतलं. बायको, एक मुलगी, आई गुडघ्यानं आजारी.

मी मोबाइल हातात घेतला तेव्हा माझा गडी गवतात तसाच पडून होता, आणि त्याच्यापुढं जीप आडवी लावलेली होती. जीपला गोळ्यांच्या भोकांची चाळण झाली होती. केनियावाला जीपच्या आडून एकटाच लढत होता. फिनलंडवाला मघाशीच मेला होता आणि मेल्या मेल्या विचारत होता, मग तो बँड नव्हता का?

मी म्हणालो, "चुकलो, भाऊ." हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारला, आणि तोही परक्या भाषेत, म्हणून निघाला. बायको शेजारी उभी होती. म्हणाली, "आता मराठीतबी सराव करा."

तो हसला. खूप हसला. आम्ही तिसरे आलो.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला वार्निश वाळत घातली, हेडफोन लावला, आणि पहिला प्रश्न आला, "बिबट्या जेवला का?" मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही तोच प्रश्न. चौथ्या दिवशी त्याच्या कचेरीतल्या बाई माइकवर आल्या आणि त्यांनीही विचारलं. आठवड्यानं सातव्या मजल्यावरचं कुणी राहिलं नाही. दुकानात गिऱ्हाईक उभं, मोटर उघडी, आणि मी फोनवर बिबट्याच्या जेवणाचा खुलासा करतोय. शेवटी वैतागून बायकोला म्हणालो, किती दिवस एकच एक विचारायचं, राव.

"चार म्हयने," ती म्हणाली.

मधल्या काळात महाळुंग्याला जाणं झालं. बारा वर्षांत मी त्या गावाला जितक्यांदा गेलो तितक्यांदा जेवून झोपलो आणि उठून चहा पिऊन निघालो. गाव म्हणून मी जे पाहिलं ते सासऱ्यांच्या माजघराचं छत. ह्या खेपेला जेवल्यावर मी म्हणालो, जरा गाव बघून येऊ.

सासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग मुलीकडं पाहिलं. "पावणं, तब्येत बरी हाय ना?"

बरी आहे म्हणालो. ते उठले आणि निघालो. चावडी बघितली, नवी पाण्याची टाकी बघितली, कुणाचं घर कुठलं ते ऐकून घेतलं. वाटेत तिघं भेटले, माझ्या चपलेकडं एकानंही पाहिलं नाही. एकानं मात्र आपला कांदा दाखवला. मी बायकोला सांगायचं नाही असं ठरवलं.

बांधावर असताना मोबाइल वाजला. चार वाजले होते. मी सासऱ्यांना विचारलं की तुमच्याकडं वाघरू नाही का?

"न्हाई कसं? त्या उसात दोन हायती," ते म्हणाले. "कुणाला पायजेल?"

मी म्हणालो, केनियाला. आणि लगेच लिहून कळवलं: इथं दोन. जेवलेत का ते बघून सांगतो. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?